सासऱ्यांच्या निधनाचा रिटेक

माझ्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी सगळ्यात आधी माझ्या सासऱ्यांनीच ऐकली, आणि त्यांना ती आवडली नाही. म्हणाले, "जावईबापू, भाव कमी पडतोय. पुन्हा एकदा घ्या."

मी पुन्हा एकदा घेतली.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी माझ्या आवाजाबद्दल सांगावं लागतं. माझा आवाज भारदस्त आहे. (हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे ज्यांनी मला पाहिलेलं नाही ते लोक.) फोनवर मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी पलीकडचा माणूस "हां साहेब, बोला साहेब" करतो. प्रत्यक्षात मी विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात हेडक्लार्क आहे आणि मला पाल, कुत्रं, ऑडिट आणि सासरची माणसं या सगळ्यांची भीती वाटते. देवानं आवाज देताना दुसऱ्याच कुणाचं तरी पार्सल माझ्या पत्त्यावर टाकलं, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

तर या आवाजाचं सोनं करावं असं मला पन्नाशीत वाटलं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला पोरगा सांगत होता की घरबसल्या आवाजाचा अभिनय करता येतो, गोष्टी वाचा, जाहिराती बोला, कार्टूनला आवाज द्या, कुठं जायला नको आणि कुणाला तोंड दाखवायला नको. हे शेवटचं मला फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यात स्वस्त कॉलर माईक मागवला.

माईकसोबत बोराएवढा स्पंज आला होता, तो पहिल्याच दिवशी दिवाणाखाली गडप झाला. स्टँड नव्हता, म्हणून तांब्यात ज्वारी भरली, तिच्यात लाटणं उभं रोवलं आणि लाटण्याला कपड्याच्या चिमट्यानं माईक लावला. 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर जाते, म्हणून मधे चहाची गाळणी धरली. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीत दोऱ्या बांधून घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या चारी बाजूंनी सोडल्या. पंखा बंद. नांदेडचा एप्रिल महिना. त्या गोधड्यांच्या आत मी बनियनवर उभा राहून घामाच्या धारा पुसत "हिमालयाच्या कुशीत बर्फ पडत होता" वगैरे वाचायचो.

"अहो, पोळ्या कशानं लाटू?" सुनंदा बाहेरून विचारायची.

"जरा थांब. एवढं बर्फाचं होऊ दे."

"आणि चहा?"

"गाळणी कामात आहे."

पंधरा-वीस नमुने मी ऑनलाइन पाठवले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं: आवाज चांगला आहे, भावना पोहोचत नाही. ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. भावना पोहोचत नाही म्हणजे काय? आमच्याकडं भावनेशिवाय दुसरं आहे काय? मनातल्या मनात ठरवलं की असं एखादं रेकॉर्डिंग करीन, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यातून टचकन पाणी आलं पाहिजे. माणसानं मनातसुद्धा काही ठरवताना विचार करावा, हे मला पुढं कळलं.

त्याच आठवड्यात सासू-सासरे जळकोटहून आमच्याकडं आले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला होतं, ते झालं आणि आता चांगला दिवस बघून जळकोटला परत जायचं ठरलं होतं. (दिवस मामी बघणार होत्या. मामा दिवस-बिवस मानत नाहीत.) मामा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, दिगंबर गुरुजी. जन्मभर शाळेच्या प्रार्थनेनंतर पोरांना अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे. मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं, हे त्यांचं वाक्य अजून तालुक्यात चालतं.

मधल्या दिवसांत मामींनी आमच्या गच्चीवर कुरडया घातल्या आणि मामांना राखणीला बसवलं. काळा गॉगल, डोक्याला तेल, हातात काठी, असे मामा खुर्चीवर बसले आणि सकाळच्या उन्हात त्यांचा डोळा लागला. मी झाडांना पाणी घालत होतो. एक कावळा आला, कुरडईचा एक तुकडा उचलला आणि तो खायला निवांत जागा म्हणून मामांच्या डोक्यावर बसला. चांगला ऐसपैस बसला. मामा जागे झाले, पण हलले नाहीत. त्यांना काय बसलंय ते दिसत नव्हतं.

"कोण आहे?" त्यांनी हेडमास्तरी आवाजात विचारलं.

तेवढ्यात मामी वर आल्या. त्यांच्या हातातली परात खाली पडली, कावळा उडाला आणि मामींनी भिंतीला पाठ टेकून खालीच बैठक मारली.

"आवं, काय झालं ह्ये! डोस्क्यावर बसला की!"

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं कावळा डोक्यावर बसला, की त्या माणसाची घटका भरत आली असं मानतात. त्याच्यावर उतारा एकच. तो माणूस गेला अशी खोटी बातमी त्याच्या रक्ताच्या माणसाला द्यायची. ऐकणाऱ्यानं ती खरी समजून रडायचं. जे रडणं कपाळी लिहिलेलं होतं ते असं खोट्या बातमीवर होऊन जातं, आणि मरण टळतं. मग लगेच सांगून टाकायचं की बाबा, माणूस ठणठणीत आहे. फक्त रडणारा न कळता, मनापासून रडला पाहिजे. नुसतं 'अरेरे' चालत नाही.

"मी असलं काही मानत नाही," मामा म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "पण हिच्या मनाला शांती मिळणार असेल तर माझी हरकत नाही." आणखी जरा वेळानं म्हणाले, "आजच करायचं का?"

रडायला कोण, याच्यावर स्वयंपाकघरात बैठक बसली. शेवटी लातूरचे व्यंकटराव ठरले, मामांचे चुलतभाऊ. आडतीवर बसणारा, काळजाचा घट्ट माणूस, बातमीनं त्याला काही होणार नाही असं मामींचं मत पडलं. मामींनी फोन लावला, डोळ्याला पदर लावला आणि रडका आवाज काढून म्हणाल्या, "भाऊजी, काय सांगू तुमाला, तुमचे दादा..."

नेमके मागं मामा खोकले.

"वहिनी," व्यंकटराव म्हणाले, "दादा लई खोकून राहिलाय की. हळद-दूध देत जा त्याला."

मामींनी फोन ठेवला आणि मामांकडं असं काही बघितलं, की कावळ्याची गरज उरली नाही.

"एवढं एक काम निमूट करता यिना तुमाला?"

"खोकला माझ्या हातात आहे का?"

तेव्हा सुनंदा, माझी सख्खी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग यांनाच सांगा की. रेकॉर्डिंग करतील. खोकला-बिकला कापून काढता येतो म्हणे त्यात."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. जावयानं सासऱ्याच्या मरणाची बातमी सासऱ्याच्या देखत वाचायची? चुकून भलतं झालं तर जन्मभर माझं नाव निघणार. पण दुसऱ्या बाजूनं मनात एक किडा वळवळायला लागला होता. ऐकणारा रडला पाहिजे, हीच तर माझी परीक्षा होती. मी घाबरत घाबरत गोधड्यांत शिरलो.

मामींनी सांगितलेला मजकूर होता, 'दिगंबरराव गेले.' एवढाच. पण कलाकाराला तो तोकडा वाटला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आमचे सासरे, जळकोटचे दिगंबर गुरुजी, यांचे आज सकाळी नांदेड येथे दुःखद निधन झाले."

गोधडीच्या पलीकडून आवाज आला, "सेवानिवृत्त मुख्याध्यापक म्हणा."

मी ते घातलं.

"आदर्श शिक्षक."

"मामा, तुम्हाला तो पुरस्कार मिळाला नव्हता ना?"

"आता कोण विचारायला जातंय?"

मी आदर्श शिक्षक घातलं. मग विद्यार्थिप्रिय घातलं. मनमिळाऊ घालायला लागलो तर मामी बाहेरून म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या, खोटं वाटंल." मामांनी मग पूर्ण रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं आणि वर सांगितलं तसं भाव कमी पडतोय म्हणाले. शिवाय 'निधन' या शब्दाला मी घाई करतोय असं त्यांचं म्हणणं पडलं. "एवढी काय घाई आहे तुम्हाला?" हे त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्यानं मला गोधडीत थंडी वाजली.

पुढचा टेक मी जीव ओतून घेतला. 'निधन'च्या आधी थांबलो. आवाज किंचित कापरा केला. आणि तेवढ्या भरात माझ्या तोंडून जास्तीचं एक वाक्य निघून गेलं: "अंत्यविधी आज सायंकाळी नांदेड येथे गोदावरीच्या घाटावर होईल." कुणी सांगितलं नव्हतं. पण अशा बातमीला शेवट लागतोच ना? त्याशिवाय ती पुरी झाल्यासारखी वाटत नाही. सगळे म्हणाले, वा. मामा स्वतः म्हणाले, "आता कसं बरोबर वाटलं." मी पाठवून दिलं.

ठरलं असं होतं, की व्यंकटरावांनी ऐकायचं, रडायचं, आणि लगेच मी फोन करून खरं सांगायचं. दोन निळ्या खुणा आल्या. ऐकलं. आम्ही जरा दम धरला, माणसाला रडायला अवधी द्यावा म्हणून. मग मी फोन लावला. ते दुसऱ्या फोनवर होते. परत लावला, तेच. परत लावला, तेच. मग त्यांचा मेसेज आला: "सगळ्यांना कळवलं. जीप केली. किल्लारीला जाऊन आक्काला घेतो आणि येतो."

मी मेसेज सगळ्यांना वाचून दाखवला.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची. भूकंपात घर पडलं तेव्हा हातानं माती उपसून चार माणसं बाहेर काढलेली बाई. मामांची आई लवकर गेली, तेव्हापासून आक्कानंच वाढवलं. त्या आक्काचं काळीज आता कमजोर झालंय आणि लातूरच्या डॉक्टरांनी बजावलंय की धक्का बसेल असं काही म्हणजे काही कानावर घालू नका. तेव्हापासून तिच्या घरात कुणी काही खरं सांगत नाही. म्हैस मेली तेव्हा 'विकली' म्हणून सांगितलं होतं. आणि त्या बाईच्या कानाशी आता कुणीतरी फोन धरून, माझ्या भारदस्त आवाजात, विराम घेऊन, कापऱ्या सुरात सांगणार होतं की तुझा भाऊ गेला.

"आता जीव गेला तर?" मी म्हणालो.

"कुणाचा?" मामांनी दचकून विचारलं.

"आक्काचा!"

मी व्यंकटरावांना फोन लावत सुटलो. काही वेळानं त्यांचा फोन लागायचाच बंद झाला. सगळ्या भावकीला कळवता कळवता बॅटरी संपली असणार. जीपवाला कोण, माहीत नाही. आक्काकडं फोन नाही. मी म्हणालो, भावकीतल्या बाकीच्यांना तरी खरं सांगतो, कुणाचा तरी निरोप जीपपर्यंत जाईल. तर मामींनी माझ्या हातातला फोनच काढून घेतला.

"कुनी रडलं का अजून?"

"मामी, आक्का..."

"कुनी रडलं का म्हून इचारते मी. न्हाई न्हवं? मग आताच सांगितलं तर उतारा वाया गेला. मग ह्यांचं काय करू मी?"

मी मामांकडं बघितलं. जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस गॉगलमधून छताकडं बघत म्हणाला, "हिचं म्हणणं... अगदीच टाकाऊ नाही."

एका पारड्यात सासरा आणि दुसऱ्यात सासऱ्याची बहीण, अशी माझी गत झाली. मामींचं त्यात चुकत होतं असंही मला म्हणवेना. नवरा जाईल या भीतीनं त्यांना घेरलं होतं. आक्कावर त्यांचाही जीव होता, पण त्यांना डोळ्यासमोर फक्त तो कावळा दिसत होता.

फोन येत राहिले. प्रत्येक फोन मामी घेत आणि प्रत्येक फोननंतर मामा विचारत, "रडला का?"

"न्हाई. किती वाजता नेणार म्हून इचारून राहिला व्हता."

"आणि हा?"

"गाडीत एक जागा हाय का म्हनला."

"अगं, याची सोयरीक मी जमवली होती! हासुद्धा नाही?"

"त्यो म्हनला, आवाज कुनाचा हाय, लई भारी हाय."

इथं मला क्षणभर बरं वाटलं हे मी कबूल करतो. पण क्षणभरच. मामा मात्र खचत चालले. आपण गेल्यावर भावकी रडत नाही, गाड्या बघते, हे जिवंतपणी ऐकायला मिळणं काही चांगलं नाही. त्यांनी चहा घेतला नाही. दुपारचं जेवले नाहीत. सुनंदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि माझ्याकडं असं बघायला लागली, जणू कावळा मीच पाळला होता.

मला काही सुचेना. डोळ्यासमोर सारखी आक्का दिसायची, फोन कानाला लावून खाली बसलेली. शेवटी मी "दही आणतो" म्हणून बाहेर पडलो आणि स्कूटर थेट लातूरच्या रस्त्याला लावली. जीप येणार तर इथूनच येणार. घरी पोहोचायच्या आत गाठायचं, आक्काला हळू, बेतानं, समजावून सांगायचं. मामी काय म्हणतील ते म्हणोत. गावाबाहेर एका चहाच्या टपरीशी मी स्कूटर लावली आणि काय बोलायचं त्याची तालीम सुरू केली. 'आक्का, एक आनंदाची बातमी आहे.' छे. 'आक्का, मामांना आता बरं वाटतंय.' हेही नको. टपरीवाला माझ्याकडं बघून राहिला होता. एकटाच पुटपुटणारा माणूस दिसला की कुणीही बघणारच. मी चहा घेतला तर कपबशी एवढी वाजायला लागली, की त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

प्रत्येक जीप मला तीच वाटायची. प्रत्येक जीपमध्ये मागं कुणीतरी आडवं झोपलंय असं दिसायचं. मी देवाला बोललो, की आक्काला सुखरूप पोहोचव, मी माईक नदीत टाकतो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ती आली. पुढच्या काचेतून व्यंकटरावांची टोपी दिसली आणि मी हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ब्रेक करकचून लागले. जीपमध्ये पुढं, व्यंकटराव आणि ड्रायव्हरच्या मधे, आक्का बसली होती. ताठ. डोक्यावर पदर, डोळे कोरडे. मागं भावकीतली सात-आठ माणसं दाटीवाटीनं, तीही सगळी कोरडीच.

आक्का जिवंत होती. मी तोंड उघडलं. तो भारदस्त आवाज, ज्याला लोक साहेब म्हणतात, तो कुठं गेला देव जाणे. "आक्का..." एवढंच निघालं, तेही पिपाणीसारखं. आणि मी रडायला लागलो. भर रस्त्यात. जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून, नाकाडोळ्यातून पाणी गाळत, हुंदके देऊन रडलो. थांबायचा प्रयत्न केला तर आणखी जोरात आलं. सकाळपासूनची सगळी भीती एकदम बाहेर पडत होती.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचा खालचा ओठ हलला.

"जावई असला रडून राहिलाय," ती म्हणाली, "म्हंजी खरंच गेला गं माझा दिगू."

आणि ती रडली. डोक्याला हात लावून, पदर तोंडात धरून. आक्का रडली तशी मागची बाई रडली, मग सगळी जीप रडायला लागली. व्यंकटराव, आडतीवरचा काळजाचा घट्ट माणूस, टोपी काढून तोंडाला लावून रडला. ड्रायव्हर मामांना ओळखतसुद्धा नव्हता, तोही रडला. टपरीवाल्यानं चूल बारीक केली.

मला बोलायचं होतं. बोलता येत नव्हतं. मी दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' म्हणत होतो, आणि ते बघून लोक जास्तच रडत होते. आक्काचा श्वास वर वर यायला लागला. ते बघितलं आणि माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी किंचाळलो, "आक्का, मामा जित्ते हायत! कुरडया राखून राहिलेत!"

सगळी जीप रडता रडता थांबली. आक्काचा हात सावकाश छातीकडं गेला. मी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, झालं, संपलं, ही माझ्या हातानं गेली. डोळे उघडले तेव्हा तिनं कमरेची चंची काढून मांडीवर घेतली होती आणि ती तंबाखूला चुना लावत होती.

"कावळा?" तिनं विचारलं.

"हाव."

"डोस्क्यावर?"

"हाव."

"बसला, का नुस्ता घासून गेला?"

"चांगला बसला आक्का. कुरडई खाल्ली त्यानं तिथं बसून."

"मग बरोबर हाय," आक्का म्हणाली आणि तंबाखू तोंडात टाकली. "चल, गाडी घे. मला भूक लागलीय."

मी स्कूटरवर पुढं आणि जीप मागं, अशी आमची वरात घरी आली. मामी दारातच उभ्या होत्या. जीपमधली सुजलेली तोंडं त्यांनी एक एक करून निरखली, खात्री पटली, आणि मग गोधडीएवढं हसू तोंडावर आणून म्हणाल्या, "या, या. पिठलं टाकते." मामा खुर्चीतून उठले. आक्का सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दिग्या, शाळेत लेकरायला काय सांगत व्हतास रं तू? कावळ्या-बिवळ्यात काय नसतंय म्हून?"

"मी मानत नाही आक्का. ही मागं लागली म्हणून..."

"गॉगल काढून सांग."

"डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलंय," मामा म्हणाले. पण पाणी बाहेरून नाही, आतूनच आलं होतं. गॉगलच्या खालून ते गालावर उतरलं. त्यांनी वाकून आक्काच्या पायावर डोकं ठेवलं आणि आक्कानं, जिला सगळा दिवस मी मनातल्या मनात मारत होतो, तिनं त्यांच्या तेल लावलेल्या डोक्यावर, जिथं कावळा बसला होता तिथं, हात फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिली.

रात्रीतच सगळ्यांना परत जायचं होतं, म्हणून पंगत लगेच बसली. लाटणं माईकसकट स्वयंपाकघरात गेलं. पोळ्या, पिठलं, भाकरी, ठेचा आणि कावळ्यानं उष्ट्या न केलेल्या कुरडया. लोक खूश होते. मी एका कोपऱ्यात बसून वाट बघत होतो, की कुणीतरी रेकॉर्डिंगचा विषय काढेल. शेवटी लाज सोडून मीच व्यंकटरावांना विचारलं, "ते ऐकल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय वाटलं?"

"पहिल्यांदा वाटलं बँकेचा फोन हाय," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा ऐकलं तवा कळलं दादाचं हाय. मग काय, कळवाकळवी. रडायला सवड कुठं व्हती?"

"आक्का, तुम्हाला?"

आक्कानं भाकरीचा तुकडा ठेच्यात फिरवला. "आमच्याकडं घंटागाडीवर बोलतंय न्हवं, ओला कचरा सुका कचरा, त्यो तूच काय?"

"नाही."

"तसंच वाटलं बग. मी म्हनलं, सरकारनं कळवलंय वाटतं."

मी भाकरीत तोंड घातलं. सुनंदानं माझ्या ताटात आणखी एक कुरडई वाढली, हे तिच्या परीनं सांत्वन होतं.

निघताना आक्का जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. सगळी भावकी भोवती उभी होती. तिनं बोटानं मला दाखवलं आणि व्यंकटरावांना म्हणाली, "व्यंकू, आता समद्यांच्या देखत सांगून ठेवते. उद्या माझं काय झालं, तर ह्येला पयला बोलवायचा. पन बोलू द्यायचं न्हाई. नुसता दारात उभा करायचा, लोक आपोआप रडत्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. व्यंकटरावांनी तर माझा हात हातात घेऊन "येशील न्हवं?" म्हणून विचारलंसुद्धा. मी येईन म्हणालो.

आवाजाचा कलाकार म्हणून मला आजवर मिळालेलं हे पहिलं आणि एकमेव पक्कं काम आहे. त्यात मला एकही वाक्य नाही.